तांडेल बदलताना

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्र बंद असतो. आमच्या हर्णे बंदरातल्या बोटी तेव्हा आंजर्ल्याच्या खाडीत नाहीतर किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या असतात. जाळी पडवीत येतात, आणि ती शिवायला बसलेल्या माणसांत एकच चौकशी चालते: यंदा कोणाकडे तांडेल कोण? गेल्या हंगामात ज्या बोटीची कमाई बेताची झाली, तिच्या मालकाच्या घरी तर हा विषय जेवणाच्या पानावरही सुटत नाही. अमक्याला काढा, तमक्याला आणा. तमका मागच्या वर्षी दाभोळच्या बोटीवर होता, त्यानं सुरमईनं बोट भरून आणली, त्याच्या हाताला मासा लागतो.

घाटावरच्या वाचकाला सांगायला हवं की बोट मालकाची असली तरी पाण्यावर ती तांडेलाची असते. किती वाव खोल पाण्यात जायचं, जाळं कुठं सोडायचं, वारा फिरला तर थांबायचं की परतायचं, हे सगळं तोच ठरवतो. खलाशीही बहुतेक त्याच्याच शब्दावर येतात. तो बोट बदलतो तेव्हा त्यातले चार-पाच त्याच्यामागून जातात. म्हणून तांडेल बदलणं म्हणजे एक माणूस बदलणं नसतं. मालकाची उचल, बर्फवाल्याची उधारी, लिलावात उभ्या राहणाऱ्या बायांचा रोजचा धंदा, सगळं त्या एका माणसावर टेकलेलं असतं. त्याच्याकडून लोक जी आशा धरतात ती हौसेची नसते, पोटाची असते.

असं बोलणं मी बंदराबाहेर आणखी एकाच ठिकाणी ऐकलं आहे. मुंबईत, कूपरेजच्या फुटबॉल मैदानावर.

तरुणपणी मी ससून डॉकला एका मासळी व्यापाऱ्याकडे हिशेब लिहायला होतो. हर्णे, दाभोळ, जयगड इथला माल रात्रीतून बर्फात भरून यायचा, पहाटे लिलाव व्हायचा आणि उन्हं चढेपर्यंत माझ्या वहीची बेरीज लागलेली असायची. दुपार मोकळी. डॉकच्या फाटकातून निघून कॉजवेनं रिगलपर्यंत चालत जायचं आणि तिथून कूपरेज गाठायचं. डॉकवरच्या जुन्या माणसांनी मला तिथं नेलं. त्यांच्या बोलण्यात रोव्हर्स कप असायचा. मफतलाल, टाटा, ऑर्के मिल्स असे गिरण्या-कंपन्यांचे संघ असायचे. महिंद्र युनायटेड हा त्यांचा शेवटचा अभिमान. त्या संघानं २००५-०६ ला राष्ट्रीय लीग जिंकली होती, गोव्याचे डेरिक परेरा प्रशिक्षक असताना. २०१० साली तो संघ बंद झाला. त्यानंतर कूपरेजवर आमच्यासारख्यांना आपला म्हणावा असा मुख्यतः मुंबई एफसी उरला.

मुंबई एफसी २००७ साली उभा राहिला. पहिले प्रशिक्षक डेव्हिड बूथ हे इंग्लंडचे. दुसऱ्या श्रेणीतून वर चढून २००८ मध्ये संघ आय-लीगमध्ये, म्हणजे देशाच्या तेव्हाच्या वरच्या लीगमध्ये आला, आणि २००९ पासून त्याची सूत्रं खालिद जमीलकडे आली. खालिद त्याआधी महिंद्र, एअर इंडिया आणि याच मुंबई एफसीकडून खेळलेला. दुखापतींनी खेळणं लवकर सुटलं म्हणून तरुण वयातच प्रशिक्षक झालेला. त्याची शिकवण ठरलेली: मागची फळी घट्ट ठेवायची, माणसांनी एकमेकांपासून लांब जायचं नाही, समोरचा पुढं सरकला की लांब चेंडू टाकून धावायचं. पाहायला फार देखणं नसायचं. मोठ्या संघांशी बरोबरी, बरोबरीच्या संघांशी एखादा विजय, मध्येच सलग हार, आणि हंगामाच्या शेवटी तळाच्या जरा वर. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

कूपरेजला गर्दी थोडी, पण जी माणसं यायची ती मनापासून यायची. पिवळे शर्ट घातलेली, ढोल घेऊन येणारी पोरं होती. काही बँकेतून, काही बंदरातून सुटून यायची. मध्यंतरात चहा पिताना त्यांचं जे बोलणं चालायचं ते मी कान देऊन ऐकत असे, कारण ते मला घरचं वाटायचं. मुंबईसारख्या शहराचा संघ आणि दर वर्षी नुसता जीव वाचवतो, हे किती वर्षं बघायचं? खालिद चांगला माणूस आहे, पण त्याच्याकडून जेवढं व्हायचं तेवढं झालं. कोणीतरी नवा आणा, जो पुढं खेळवेल. पडवीत जाळं शिवणारी माणसं याहून वेगळं काही बोलत नसत.

२०१६ साली तो बदल झाला. सात वर्षांनी खालिद गेला आणि संतोष कश्यप आले. त्यांच्याकडून आशा धरणं अजिबात वेडेपणाचं नव्हतं, हे मला ठासून सांगायचं आहे. कश्यप मुंबईचेच. शिलाँगचा रॉयल वाहिंगडोह हा संघ २०१४-१५ ला पहिल्यांदाच आय-लीग खेळला आणि कश्यपांच्या हाताखाली थेट तिसरा आला. पुढं खेळणारा, धाडसी संघ होता तो. कूपरेजच्या माणसांनी जे मागितलं होतं तेच त्यांना मिळालं होतं. दोन हंगामांमधल्या सुट्टीत डॉकवरच्या मित्राचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज मी कधी नव्हे इतका उमेदीचा ऐकला. मी तोपर्यंत हर्णेला परतलो होतो. बाबांना बंदरावरचं उन्हातलं काम झेपेना, बोटीची वही कोणीतरी हातात घ्यायला हवी होती.

२०१६-१७ चा तो हंगाम मी मोबाईलवर पाहिला, जमेल तेवढा. मुंबई एफसी हरत गेला. मध्येच कश्यप गेले, स्पेनचे ऑस्कर ब्रुझोन आले, तरी उतार थांबला नाही. संघ तळाला राहिला आणि श्रेणीतून बाहेर पडला. पुढं मोठ्या लीगमध्ये तो परत आलाच नाही.

आणि खालिद गेला होता मिझोरामला, ऐजॉल एफसीकडे. हा संघ आदल्या वर्षी खालच्या श्रेणीत ढकलला गेलेला. गोव्याच्या संघांनी लीग सोडली म्हणून त्याला जागा परत मिळाली, नाहीतर तो तिथं नसताच. पैशानं लहान. खालिदनं त्यात कूपरेजवर आम्ही पाहिलेले काही खेळाडू घेतले. आशुतोष मेहता होता, आपला जयेश राणे होता. सीरियाचा महमूद अल अमना मधल्या फळीत. मागं घट्ट, पुढं वेगवान. २२ एप्रिल २०१७ ला त्यांनी आपल्या मैदानावर मोहन बागानला १-० नं हरवलं आणि ३० एप्रिलला शिलाँगमध्ये लाजोंगशी १-१ बरोबरी करून लीग जिंकली. ऐजॉलचे ३७ गुण, बागानचे ३६. ईशान्येतला कुठलाही संघ त्याआधी देशाचा विजेता झाला नव्हता. त्या संध्याकाळी मी बंदरावर होतो, लिलाव संपून बैलगाड्या वर निघालेल्या, आणि मोबाईलच्या एवढ्याशा पडद्यावर मला खालिद दिसला. मला आनंद झाला आणि त्याच वेळी कूपरेजवरच्या त्या पोरांसाठी आतून तुटलं. त्यांचा माणूस जिंकला होता आणि त्यांचा संघ बुडाला होता, एकाच हंगामात.

यावरून सरळ निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटले. खालिदला काढायलाच नको होतं, असं ते म्हणायचे. मला ते पटत नाही. तोच खालिद पुढच्याच वर्षी ईस्ट बंगालला गेला, अल अमनालाही घेऊन गेला, आणि संघ चौथा आला. कोलकात्याच्या त्या मैदानात लीगच्या विजेतेपदाची वाट पाहणारी हजारो माणसं होती आणि त्यांना लगेच ते हवं होतं. माणूस तोच, शिकवण तीच, पण खालची बोट वेगळी. ऐजॉलला त्याच्याकडून कोणी काही मागितलं नव्हतं, तिथं त्याला शांतपणे काम करता आलं. म्हणजे नुसता माणूस चांगला की वाईट हे ठरवून भागत नाही. मला या सगळ्यातून जे हाती लागलं ते वेगळंच आहे, आणि ते मला फुटबॉलनं नव्हे तर हिशेबाच्या वहीनं दाखवलं.

आमच्या वहीत दर फेरीला एक पान असतं. बोट कधी सुटली, कधी आली, डिझेल किती, बर्फाच्या लाद्या किती, रेशन किती. मग माल: सुरमई, बांगडा, म्हाकूळ, कोलंबी, ज्याचा त्याचा भाव. विक्रीतून खर्च वजा करून उरलेल्याचे वाटे, बोटीचा वेगळा आणि माणसांचे वेगळे. बंदरावर चर्चा होते ती मालाच्या रकान्याची. कोणाची फेरी किती लाखाची झाली हे संध्याकाळपर्यंत शेजारच्या पाजपंढरीपर्यंत पोचलेलं असतं. पण वहीच्या मागच्या बाजूला हंगामाच्या शेवटी लिहायची पानं असतात, ती कोणी विचारत नाही. तिथं फाटलेल्या जाळ्यांचा खर्च असतो, पंखा आणि इंजिनच्या कामाचा असतो, खलाशाच्या दवाखान्याचा असतो, वाया गेलेल्या फेऱ्यांचं डिझेल असतं.

बाबांच्या काळापासून आमच्या बोटीवर एकच तांडेल होते. त्यांना आम्ही काका म्हणायचो. मी परतलो तेव्हा घरात त्यांच्याविषयी कुरबुर सुरू झालेली होती. धाकटे चुलते म्हणायचे, "काकांचं वय झालं, ते आत जातच नाहीत. लोक भरून आणतात आणि आपण पोटापुरतं." मालाचा रकाना पाहिला तर चुलत्यांचं बोलणं खरं होतं. भरभराटीची फेरी काकांच्या पानांवर क्वचितच दिसायची. म्हणून मी मागची पानं काढली, एकामागून एक वर्षांची. जाळं हरवल्याची नोंद नाही. वादळात अडकल्याची नाही. खलाशी मध्येच सोडून गेल्याची नाही. दुरुस्तीचा खर्च शेजारच्या बोटींच्या मानानं बराच कमी, हे मला ससून डॉकवर इतरांचे हिशेब लिहिल्यामुळे कळत होतं. त्या कोऱ्या जागा काकांनी कमावलेल्या होत्या. त्यांनी जे होऊ दिलं नाही त्याला वहीत रकाना नव्हता, एवढंच.

मग मला मुंबई एफसीची सात वर्षं नव्यानं दिसली. त्या काळात देशाच्या फुटबॉलमध्ये काय चाललं होतं? २०१० ला महिंद्र गेला. २०११ ला पंजाबचा जेसीटी बंद झाला, देशाची पहिली राष्ट्रीय लीग जिंकलेला संघ. एअर इंडिया आणि ओएनजीसी २०१३ नंतर लीगमध्ये दिसले नाहीत. मोठमोठ्या नावांचे संघ एकेक करून नाहीसे होत होते आणि खालिदचा संघ, ज्याच्याकडे ना मोठा पैसा ना मोठी गर्दी, दर वर्षी त्या लीगमध्ये उभा होता. आम्ही कूपरेजच्या बाकांवर बसून याला नुसतं जीव वाचवणं म्हणत होतो. गोल किती झाले हे सगळ्यांना पाठ असतं. किती हंगाम बुडता बुडता वाचले, कोणामुळे वाचले, हे तो माणूस गेल्यावरच मोजायला मिळतं, आणि तोवर फार उशीर झालेला असतो. पाठीराख्याची आशा नेहमी भर घालणारा माणूस शोधते. गळती रोखणारा माणूस तिला दिसत नाही. ही आशेची खोड आहे आणि माझ्या मते संघ बुडण्याचं ते एक मोठं कारण आहे, कारण मालकही शेवटी पाठीराख्यांचंच ऐकतात.

मी वह्या घेऊन बाबांसमोर बसलो. चुलतेही होते. ऐजॉलची गोष्ट सांगितली. फुटबॉलशी त्यांचा काही संबंध नाही, पण ती त्यांनी मन लावून ऐकली. बाबा म्हणाले, "काकांना ठेवू या." चुलते गप्प बसले, पटलं म्हणून नव्हे.

पुढचं सगळं सुरळीत झालं असं सांगता येत नाही. कमाई बेताचीच राहिली. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार वादळ आलं तेव्हा काकांनी हवामान खात्याचा इशारा येताच फेरी अर्धी सोडून बोट खाडीत आणून लावली. बोट वाचली, माणसं वाचली. पण त्या वर्षी समुद्र एकसारखा खवळलेला, फेऱ्या एवढ्या बुडाल्या की हंगाम तोट्यात गेला, आणि चुलत्यांनी मला विचारलं, "काय मिळालं काकांना ठेवून?" त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे आकड्यातलं उत्तर नव्हतं. न झालेल्या अपघाताची पावती कोण देणार? त्यानंतर ३ जून २०२० ला निसर्ग वादळाचा आमच्या दापोली तालुक्याला मोठा तडाखा बसला. माडा-पोफळीच्या बागा झोपल्या, घरांची छपरं उडाली. काकांचं घरही त्यात होतं. घर उभं करता करता वर्ष गेलं, मग ते म्हणाले, "आता माझ्या डोळ्यांना लांबचं दिसत नाही. कोणातरी पोराला बघा."

तेव्हा आम्हाला खरोखरच नवा तांडेल शोधावा लागला, आणि नव्या माणसाकडून आशा धरणाऱ्यांच्या रांगेत मी स्वतः उभा राहिलो.

या वेळी मला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. मुंबईत तोवर दुसरा संघ मोठा झाला होता, मुंबई सिटी एफसी. २०१४ पासून तो इंडियन सुपर लीग खेळत होता. पीटर रीड आले, अनेल्का खेळता खेळता प्रशिक्षक झाला, गिमारेस आले, जॉर्ज कोस्टा आले. प्रत्येक वेळी नवी उमेद, एखादा हंगाम चांगला, पण चषक नाही. मग २०२० मध्ये सर्जिओ लोबेरा आले आणि पहिल्याच वर्षी साखळीतलं अव्वल स्थानही मिळालं आणि चषकही. १३ मार्च २०२१ ला गोव्यात फातोर्ड्याला शेवटच्या मिनिटाला बिपिन सिंगचा गोल, एटीके मोहन बागानवर २-१. लोक म्हणाले, बघा, एका प्रशिक्षकानं काय केलं. पण लोबेरा एकटे आले नव्हते. आदल्याच वर्षी सिटी फुटबॉल ग्रुपनं संघातला मोठा हिस्सा घेतलेला होता. लोबेरांच्या मागोमाग एफसी गोव्यातून अहमद जाहू आला, मुर्तदा फाल आला, ह्यूगो बुमूस आला, आपला मंदार राव देसाई आला. ज्यांना त्यांचा खेळ तोंडपाठ होता अशी माणसं. तांडेल आपले खलाशी घेऊन आला आणि मालकानं त्याला इंजिनही नवं दिलं, मग पहिल्या हंगामात बोट भरली यात नवल ते काय?

म्हणून नव्या तांडेलाशी बोलायला बसलो तेव्हा मी त्याला किती मासा आणशील असं विचारलं नाही. बंदरात तोच प्रश्न विचारतात आणि त्याचं उत्तर सगळे सारखंच देतात. मी विचारलं, बरोबर कोण येणार? आमच्या बोटीचं इंजिन किती घोड्यांचं आहे हे माहीत आहे ना, त्यात तुला कुठवर जाता येईल? वारा सुटला तर कोणत्या खाडीत शिरशील? पोरगा तरुण होता, गुहागरकडचा. त्यानं उत्तरं सरळ दिली. दोन खलाशी माझे, बाकी तुमचे जुनेच ठेवतो, त्यांना ही बोट ठाऊक आहे, असं तो म्हणाला. मला तेवढंच पुरलं. चुलत्यांनी मात्र त्याचं आदल्या वर्षीचं सुरमईचं वजन विचारून घेतलं.

पहिल्या हंगामातले ते दिवस मी विसरणार नाही. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला, बोट निघाली, आणि पहिली फेरी सुमार. दुसरीही. तिसऱ्या फेरीला जाळं कशात तरी अडकून फाटलं. संध्याकाळी लिलावाला आमच्या मालाभोवती माणसं जमत नव्हती. बोट आली की होडीतून टोपल्या किनाऱ्याला यायच्या आणि बाया लांबूनच बघून पुढच्या ढिगाकडे जायच्या. एक जुनी मासेवाली माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "काका असते तर?" ज्यांनी काकांना काढा म्हणून वर्षानुवर्षं सांगितलं, त्याच तोंडांतून आता काकांची आठवण येत होती. पाठीराखा असाच असतो आणि त्याला दोष देता येत नाही. त्याच्या हातात धीर धरण्याखेरीज काही नसतं, आणि धीर ही काही फुकट मिळणारी वस्तू नाही. तिला घरात साठवलेला पैसा लागतो. आमच्याकडे तो थोडा होता म्हणून आम्ही त्या पोराला हंगामभर हात लावला नाही. ज्यांच्याकडे नसतो ते नोव्हेंबरातच तांडेल बदलतात. संघांचंही तेच. गरीब संघ घाई करतो ती अक्कल कमी म्हणून करत नाही.

जानेवारीनंतर त्याला आमच्या बोटीचा अंदाज आला. म्हाकूळ चांगलं लागलं, दोन फेऱ्या अशा झाल्या की त्यांचं नाव बंदरात फिरलं. मागच्या पानांवर काकांच्या वेळेपेक्षा खर्च जास्त, पुढच्या पानांवर मालही जास्त. हंगाम जेमतेम फायद्यात गेला. मला काकांची कोरी पानं अजून हवीशी वाटतात, आणि तो पोरगा ती एक दिवस देईल असंही वाटतं.

आमच्या वस्तीतली पोरं ओहोटीला वाळूवर फुटबॉल खेळतात. क्रिकेटवाल्यांची संख्या अजून जास्त, पण युरोपचे शर्ट घातलेली पाच-सात पोरं रोज असतात. त्यातल्या मँचेस्टर युनायटेडवाल्यांचा चेहरा पाहून मला कूपरेज आठवतं. ॲलेक्स फर्ग्युसन २०१३ ला गेल्यापासून त्यांचा संघ प्रशिक्षक बदलतोच आहे. या पोरांनी त्या संघाला लीग जिंकताना पाहिलेलंच नाही, तरी प्रत्येक नव्या नावाबरोबर ती नव्यानं भारावतात. मी त्यांना सांगतो की फर्ग्युसन १९८६ ला आले आणि पहिली लीग १९९३ ला जिंकली. मधे १९८९ च्या डिसेंबरात त्यांच्याच पाठीराख्यांनी त्यांना जायला सांगणारा फलक मैदानात धरला होता. पोरं ऐकतात, पण मनात दुसराच हिशेब चालू असतो. सात वर्षं त्यांच्या वयाच्या निम्मी आहेत.

१ ऑगस्ट २०२५ ला, समुद्राची बंदी उठली त्याच दिवशी, खालिद जमील भारताचा प्रशिक्षक झाल्याची बातमी आली. तेरा वर्षांनी भारतीय माणूस त्या जागेवर. संघ क्रमवारीत १३३ वर घसरलेला, जूनमध्ये हाँगकाँगशी हरलेला. समुद्र तेव्हा अजून उग्र होता, बोटी सुटल्या नव्हत्या, त्यामुळे पोरं दुपारभर माझ्याभोवती. मला त्याचा अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. पण मी त्यांना दोन गोष्टी आधीच सांगितल्या. देशातली मोठी लीग त्या वेळी थांबलेली होती, कधी सुरू होणार ठरलेलं नव्हतं, म्हणजे त्याच्या खेळाडूंचे पाय सामन्यांविना थंड पडलेले. आणि पहिल्याच शिबिराला मोहन बागाननं आपले खेळाडू सोडले नाहीत.

तरी सुरुवात छान झाली. ताजिकिस्तानमधल्या स्पर्धेत यजमानांवर २-१, इराणकडून हार, अफगाणिस्तानशी बरोबरी, आणि तिसऱ्या जागेसाठी ओमानला पेनल्टीवर हरवलं. वाळूवर त्या संध्याकाळी पोरांनी गोलरक्षक गुरप्रीतची उडी मारून मारून अंग सोलून घेतलं. ऑक्टोबरात सिंगापूरशी त्यांच्याकडे बरोबरी आणि फातोर्ड्यात १-२ अशी हार. आशिया चषकाची वाट तिथं बंद झाली. नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशकडूनही हरलो. दुसऱ्या दिवशी एका पोरानं मला विचारलं, "काका, खालिदला काढतील का आता?"

मी त्याला म्हटलं, त्याला काढायचं की नाही ते नंतर बघू. आधी हे शोधून काढ की त्याला किती दिवसांचं शिबिर मिळालं, त्यात हवे ते खेळाडू किती जण आले, आणि देशात त्या वर्षी किती सामने झाले. तिन्ही आकडे लिहून आण. मग त्याच्या जागी नवा कोण आणायचा यावर तू आणि मी वाद घालू, कारण नव्याला हे तिन्ही तसेच मिळणार असतील तर त्याचं नावही आत्ताच लिहून ठेव आणि त्याला काढायची तारीखही. पोरगं दोन दिवसांनी खरंच कागद घेऊन आलं. आम्ही बर्फाच्या पेटीवर बसून वाद घातला, बराच वेळ. त्याचं म्हणणं होतं की कोणी मागितलंच नाही तर शिबिराचे दिवस वाढणार कसे, आणि ते मागणंही प्रशिक्षकाचंच काम आहे. यात त्याचं बरोबर होतं.

आमच्या तांडेलानंही पुढच्या हंगामासाठी दोन गोष्टी मागितल्या आहेत. एक, जुन्या खलाशांची उचल कमी करायची नाही, नाहीतर ते जयगडला जातील. दुसरी, मासळी शोधायचं यंत्र. पहिली मी त्याच दिवशी मान्य केली. यंत्राचे पैसे डिझेलचा परतावा जमा झाला की देतो असं सांगितलं आहे, आणि त्याची नोंद वहीच्या मागच्या पानावर करून खाली त्याची सही घेतली आहे.